लाईट गेली, आली, सर्व्हर उठेना: आधी डेटा, मग मशीन

पाऊस लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एकच तक्रार सगळीकडून कानावर येते. "काल संध्याकाळी लाईट जा-ये करत होती. सकाळपासनं सर्व्हर चालूच होईना झालाय ओ." मग ती पतसंस्था असो, खडेबाजारातलं कापडदुकान असो की उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं ऑफिस. कुणाला तरी बोलावतात, तो येऊन काही तरी करतो, मशीन उठतं, लोक कामाला लागतात. पुढच्या जोरदार पावसाला परत तेच.

यातली दुरुस्ती फारशी अवघड नसते. अवघड असतं ते क्रम पाळणं. काउंटरवर पिग्मी एजंट थांबलेले, मॅनेजर दर पाच मिनिटांनी डोकावून जाणार, अशा वेळी सगळ्यांचं लक्ष मशीन सुरू होण्याकडे लागतं आणि डेटाचा विचार मागे पडतो. माझा या कामातला रोजचा अनुभव सांगतो की लाईट गेल्यानं जेवढा डेटा जातो, त्याहून जास्त तो लाईट आल्यावर मशीन उठवण्याच्या घाईत जातो. म्हणून खालचा सगळा क्रम तसाच लावला आहे.

बटण परत दाबण्याआधी

"चालू होत नाही" या एका वाक्यात निदान चार वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. वीजच आत पोचत नाही. वीज येते पण पडदा काळा राहतो. पडदा येतो पण डिस्क सापडत नाही. किंवा विंडोज, लिनक्स व्यवस्थित उठतं आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर तेवढं उघडत नाही. कुठं अडलंय ते बघा आणि पडद्यावर जे काही लिहून आलंय त्याचा मोबाईलवर फोटो काढा. तो फोटो नसेल तर येणारा माणूस अंदाजानं काम करतो, आणि अंदाज महाग पडतात.

कान देऊन ऐका. डिस्कमधून ठरावीक अंतरानं टक, टक असा आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा आणि प्लग काढा. आतलं हेड स्वतःची जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाही, असा त्याचा अर्थ. प्रत्येक वेळी चालू केल्यावर ते हेड चकतीवर घासण्याची शक्यता वाढते, आणि घासलेल्या जागेवरचा डेटा कुठल्याही लॅबमध्ये परत येत नाही. "एकदा चालू झाला तर कॉपी मारून घेऊ" ही आशा इथं सोडायची. अशी डिस्क घरी उघडायची नाही, फ्रिजमध्ये ठेवायची नाही. ती डेटा रिकव्हरीच्या लॅबकडेच जायला हवी.

फिरत्या चकत्या नसलेली एसएसडी असेल तर आवाज येतच नाही. ती काल चालू होती आणि आज बायोसला (मशीन चालू होताच सगळे भाग तपासणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) दिसत नाही, इतकं अचानक होतं. शिवाय एसएसडीवर ट्रिम (पुसलेल्या जागा लगेच मोकळ्या करून टाकणारी सोय) चालू असल्यानं एकदा पुसलेली फाईल सहसा परत मिळत नाही. जुन्या डिस्कवर चालणारा "डिलीट झालं तरी काढून देतो" हा भरवसा एसएसडीच्या बाबतीत ठेवू नका.

वीज आणि काळा पडदा

दिवाच पेटत नसेल तर आधी यूपीएस बाजूला काढून थेट भिंतीच्या सॉकेटवर लावून बघा. मग वीज पूर्ण काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा आणि परत जोडा. तरीही काही नाही तर एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा आतला डबा) बदलून बघणं, एवढंच. फॅन फिरतोय पण पडदा काळा असेल तर रॅम काढून, तिचे सोनेरी पट्टे पुसून परत बसवा. आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमट हवेत हा दोष वरचेवर दिसतो, आणि यात डेटाला धक्का लागत नाही.

तारीख चुकलेली दिसली तर विंडोज नव्यानं टाकू देऊ नका

या मुद्द्यावर थोडं थांबून लिहितो, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त नुकसान इथं होताना पाहिलंय.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२, तीन व्होल्टची. बायोसमधली तारीख आणि सेटिंग तिच्यावर टिकतात. ती काही वर्षांनी संपते, पण कुणाच्या लक्षात येत नाही, कारण प्लग लावलेला असेपर्यंत एसएमपीएसमधून येणारी थोडीशी वीज तेच काम करत असते. एखाद्या रात्री चार-पाच तास लाईट जाते, यूपीएसही संपतो, आणि मग ती मेलेली बॅटरी उघडी पडते. सकाळी बायोस सगळं विसरून कारखान्यातून आल्यासारखं होतं. म्हणूनच हा बिघाड फक्त लाईट गेल्यावर येतो आणि दर पावसाळ्यात येतो.

तारीख मागं जाणं ही त्यातली बारीक बाब. खरा घोळ डिस्कच्या सेटिंगचा. सर्व्हर बसवताना डिस्क रेड (अनेक डिस्क एकत्र बांधण्याच्या) पद्धतीवर ठेवली असेल आणि बायोसनं ती मूळच्या एएचसीआय (प्रत्येक डिस्क सुटी वापरण्याच्या) पद्धतीवर नेली, की विंडोज उठताना निळा पडदा येतो: "इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस". किंवा यूईएफआय ही मशीन उठवण्याची नवी पद्धत जाऊन जुनी लेगसी पद्धत लागते आणि "बूट डिव्हाइस नॉट फाउंड" असं दिसतं. डिस्क शाबूत, डेटा शाबूत, विंडोजही शाबूत. फक्त एक सेटिंग फिरलेलं. पण निळा पडदा बघून कुणी तरी "विंडोज करप्ट झालंय, नवीन टाकतो" म्हणतो, सेटअपमध्ये डिस्क फॉरमॅट होते, आणि चांगल्या डिस्कवरची वर्षांची खतावणी पुसली जाते.

उपाय असा: बायोसमध्ये जा, तारीख बघा. तारीख मागं गेली असेल तर बॅटरी बदला, मग डिस्कची पद्धत आणि बूटची पद्धत पूर्वीसारखी करा. पूर्वी काय होतं ते कळण्यासाठी आजच, मशीन चालू असताना, एकदा रीस्टार्ट करून बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. विंडोज उठल्यावर कुणालाही लॉगिन देण्याआधी तारीख तपासा. डोमेन (सगळ्यांचं लॉगिन एका सर्व्हरवरून) असेल तर सर्व्हर आणि क्लायंटच्या घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की लॉगिन नाकारलं जातं; आणि चुकीच्या तारखेला पडलेल्या पावत्या नंतर शोधत बसणं हे वेगळंच काम.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर बायोस बदलल्यावर तो ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर समोर डिस्क असूनही डेटा कायमचा बंद. नव्या विंडोजच्या मशीनवर डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं, त्यामुळे "आम्ही कधी लावलंच नाही" यावर विसंबू नका. की काढून घ्या, कागदावर उतरवा आणि तिजोरीत ठेवा.

रेडवरची एक डिस्क गेली

रेड म्हणजे एक डिस्क गेली तरी काम चालू राहावं याची सोय. तिला बॅकअप म्हणू नका. चुकून पुसलेली फाईल रेड दोन्ही डिस्कवरून इमानानं पुसते. एक डिस्क गेल्याचा लाल दिवा लागला तर पहिलं काम नवीन डिस्क घालणं हे नाही. पहिलं काम म्हणजे अजून चालू असलेल्या डिस्कवरून पूर्ण बॅकअप बाहेर घेणं. रिबिल्ड करताना उरलेल्या डिस्कवर तासनतास ताण पडतो, आणि त्या डिस्क बहुधा एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या असतात.

डिस्क बाहेर काढण्याआधी प्रत्येकीवर कागदी पट्टी चिकटवून खाचेचा क्रमांक लिहा. रेडचा कंट्रोलर (डिस्क सांभाळणारं कार्ड) "फॉरेन कॉन्फिगरेशन", म्हणजे अनोळखी मांडणी, असं म्हणाला तर ते आयात करायचा पर्याय असतो. "इनिशियलाईझ" हा शब्द दिसला तर मात्र हात आवरा. आणि सर्व्हर अचानक फार हळू झाला असेल तर रेड कार्डवरची बॅटरी बघा. ती मेली की कार्ड लिहिण्याची घाई सोडून प्रत्येक गोष्ट थेट डिस्कवर लिहायला लागतं. त्यात काही बिघडत नाही, फक्त वेग जातो.

डिस्क दिसते, पण विंडोज किंवा लिनक्स अडतं

विंडोज "ऑटोमॅटिक रिपेअर" मध्ये गोल गोल फिरत असेल तर मोह होतो तो चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवायचा. चेकडिस्क दुरुस्तीच्या पद्धतीनं चालवली की ती डिस्कवर लिहिते. तिचं काम फाईलची रचना सुसंगत करणं एवढंच; त्यासाठी ती अर्धवट दुवे तोडून टाकते, आणि त्या दुव्यात तुमची फाईल असू शकते. लिनक्सवरच्या एफएससीकेचंही तेच. म्हणून आधी डिस्कची प्रत, मग प्रयोग. पेनड्राईव्हवरून लाईव्ह लिनक्स उठवा आणि स्मार्टसीटीएल दाखवतं ते स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते) आकडे वाचा. "पेंडिंग सेक्टर" (वाचता न येणाऱ्या जागा) शून्यापेक्षा जास्त असतील तर साधी कॉपी करू नका. डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलून घेतं, खराब जागा बाजूला नोंदवून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतं. पुढचे सगळे उद्योग, टेस्टडिस्क असो की बूट दुरुस्ती, त्या प्रतीवर. मूळ डिस्क कपाटात.

लिनक्स सर्व्हर "इमर्जन्सी मोड"मध्ये थांबत असेल तर उठताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते लिहिलेली एफएसटॅब फाईल बघा. बऱ्याचदा बॅकअपची यूएसबी डिस्क तिथं लिहिलेली असते, कुणी तरी ती काढून घरी नेलेली असते, आणि तिच्या वाटेत सर्व्हर अडून बसतो. त्या ओळीत "नोफेल" हा पर्याय घातला की प्रश्न मिटतो.

सर्व्हर उठला, सॉफ्टवेअर उघडेना

हिशेबाचं सॉफ्टवेअर डेटा ठेवतं त्या एसक्यूएल सर्व्हरचा डेटाबेस "रिकव्हरी पेंडिंग" किंवा "सस्पेक्ट" दाखवत असेल तर आधी डिस्कवर जागा किती उरली ते बघा. जागा संपल्यानं न उठलेले डेटाबेस मी खराब झालेल्यांपेक्षा जास्त पाहिलेत. सर्व्हिस थांबवा, एमडीएफ (डेटा) आणि एलडीएफ (व्यवहारांची नोंद) या दोन्ही फाईलींची दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या, मग जागा मोकळी करा. एलडीएफ मोठी दिसते म्हणून ती पुसू नका. लाईट गेली त्या क्षणी अर्धवट राहिलेल्या नोंदींचा हिशेब तिच्यातच असतो. "डेटा लॉस चालेल" अशी परवानगी मागणारी दुरुस्ती अगदी शेवटी, तीही प्रतीवर.

फुकटच्या एक्स्प्रेस आवृत्तीला डेटाबेसच्या आकाराची मर्यादा असते; २००८ आर२ पासून २०२२ पर्यंत ती १० जीबी आहे. ती गाठली की नवीन नोंद घेणं थांबतं आणि लोकांना वाटतं सर्व्हरच बंद पडला. याच आवृत्तीत ठरल्या वेळी काम करणारा एजंट नसतो, म्हणून "बॅकअप लावलाय" असं सांगूनही तो कधी चाललेलाच नसतो. तिथं विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून बॅकअपची आज्ञा द्यावी लागते.

डेटा परत आला तरी नोटिसा आणि पासबुकवरची अक्षरं भलतीच दिसतात, ही आपल्या सीमाभागातली खास अडचण. एकाच ऑफिसात मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडीचे जुने फॉन्ट असतात, आणि जुन्या नोंदी युनिकोडमध्ये नसतात. नवीन मशीनवर ते फॉन्ट नसले की सभासदांची नावं वाचता येत नाहीत. बॅकअपच्या फोल्डरमध्ये फॉन्ट, सॉफ्टवेअरचं सेटअप, लायसन्सचा क्रमांक आणि पासबुक प्रिंटरचा ड्रायव्हर ठेवा. या चार गोष्टी रविवारी शोधायला गेलं की दिवस जातो.

बॅकअप होतोय, पण उघडत नाही

मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते, कारण इथं सगळे निर्धास्त असतात. रात्री नऊला एक छोटी बॅच फाईल डेटाचा फोल्डर यूएसबी डिस्कवर कॉपी करते. डेटाबेस चालू असतो, त्याच्या फाईली कुलूपबंद असतात, कॉपीची आज्ञा त्या गाळून पुढे जाते. सकाळी फोल्डरवर आजची तारीख दिसते. आतली महत्त्वाची फाईल मात्र गेल्या वर्षीची. फोल्डरची तारीख बघू नका, आतल्या फाईलचा आकार बघा. आणि कॉपीऐवजी डेटाबेसची स्वतःची बॅकअपची आज्ञा वापरा. टॅली ईआरपी ९ मध्ये त्याच फोल्डरमध्ये परत बॅकअप घेतला की जुन्यावर नवीन लिहिला जातो. काल बिघडलेला डेटा आज चांगल्या बॅकअपवर चढतो. म्हणून वाराच्या नावानं सात फोल्डर ठेवा आणि महिनाअखेरची प्रत वेगळी.

मोठ्यांचंही असंच होतं. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्यानं चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेसचा फोल्डर पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले. मग कळलं की रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यानं कधीचाच रिकामा जात होता, आणि तो फसल्याच्या सूचनांचे मेलही पोचत नव्हते. योगायोगानं सहा तासांपूर्वी कुणी तरी घेतलेली एक प्रत होती, म्हणून सावरले. त्यांनी हे सगळं जाहीर मांडलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

आता नियोजन. दोन प्रश्न मालकाला किंवा चेअरमनना विचारा: किती वेळाचं काम परत हातानं भरता येईल, आणि किती वेळ बंद राहिलेलं चालेल? पतसंस्थेत व्हाउचर कागदावर असतात, पिग्मीच्या मशीनमध्ये दिवसाच्या पावत्या असतात. एक दिवस परत भरणं त्रासाचं, पण जमण्यासारखं. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर हंगामात रात्रंदिवस गाड्या येतात, तिथं अर्धा तासही जड जातो. पहिल्याला रोज रात्रीचा बॅकअप पुरतो. दुसऱ्याला दर काही मिनिटांनी लॉगचा बॅकअप आणि तयार असलेलं दुसरं मशीन लागतं. एकाला सांगितलेला उपाय दुसऱ्याच्या माथी मारू नका. कंपन्यांना मात्र निवड नाही. कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांत २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक आहे. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात, तेव्हा जुन्या वर्षांचे बॅकअप जागेसाठी पुसू नका.

बॅकअपची डिस्क कायम जोडलेली ठेवू नका. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा त्यानं जोडलेल्या डिस्क आणि शेअर केलेले फोल्डरही कुलूपबंद केले. त्याला अडवणारा अपडेट मार्चमध्येच आलेला होता. दोन डिस्क घ्या. एक जोडलेली, एक कपाटात, दर आठवड्याला अदलाबदल.

दुसरी प्रत कुठं ठेवायची

"दुसऱ्या गावात" असं सगळे सांगतात. आपल्याकडं नदी बघून गाव निवडावं लागतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकाच वेळी चढल्या. गोकाक, चिकोडी, रायबाग, अथणी, रामदुर्गकडची गावं पाण्यात होती, आणि त्याच आठवड्यात सांगली आणि कोल्हापूरही. पुणे-बेंगळूरू महामार्ग कोल्हापूरजवळ बंद होता. म्हणजे चिकोडीच्या संस्थेनं पाहुण्यांच्या ओळखीनं सांगलीत ठेवलेली डिस्क कागदावर "बाहेरगावी" असली तरी त्याच पुरात होती, आणि सुटा भाग मागवायचा तर रस्ताही नव्हता. कृष्णाकाठच्या संस्थांनी प्रत बेळगावच्या पठारावर, तीही वरच्या मजल्यावर ठेवावी. तळमजल्याखालचा गाळा स्वस्त पडतो, पण सर्व्हरला तो नको.

क्लाउडवर ठेवत असाल तर परत आणायला लागणारा वेळ मोजा. २०० जीबी डेटा सेकंदाला २० मेगाबिट वेगानं उतरवायला साधारण २२ तास लागतात, तेही लाईन एकदाही न तुटता.

परत परत का होतं

यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि बहुतेक ऑफिसात ती पाच वर्षं तशीच असते. यूपीएसला मागं यूएसबीची वायर जोडायची सोय असेल तर ती सर्व्हरला जोडा, म्हणजे बॅटरी उतरल्यावर सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. वळवाच्या विजेचा दणका पुष्कळदा नेटवर्कच्या तांब्याच्या वायरीतून येतो. दोन इमारतींमध्ये वायर टाकली असेल तर ती फायबर करून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या.

बायोसमध्ये "वीज आल्यावर काय करायचं" असं एक सेटिंग असतं. बहुतेक जण ते "आपोआप चालू" ठेवतात. आपल्याकडं लाईट एकदा जाऊन येत नाही, दहा मिनिटांत चारदा जाते. सर्व्हर अर्धा उठतो, परत पडतो, डेटाबेस मागचं आवरत असतानाच पुन्हा वीज जाते. हे सेटिंग "बंदच राहू दे" असं करा आणि लाईट स्थिर झाल्यावर दहा मिनिटांनी माणसानं बटण दाबावं. रात्री माणूस नसलेल्या शाखेत सकाळी येणाऱ्या शिपायाला हे शिकवून ठेवा.

राहिली चाचणी. दुसऱ्या शनिवारी, कपाटातली डिस्क काढून एखाद्या जुन्या, कोऱ्या संगणकावर सगळं परत उभं करा: विंडोज, सॉफ्टवेअर, फॉन्ट, डेटा. मूळ सर्व्हरला हात लावायचा नाही. मग आदल्या दिवशीची तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाकींचा गोषवारा) काढा आणि सर्व्हरवरच्या तेरजेशी ताडून बघा, दोन-चार सभासदांची खाती उघडा, एक पासबुक छापा. सुरुवात किती वाजता केली, तेरीज किती वाजता जुळली, कोणता पासवर्ड सापडला नाही, हे सर्व्हरशेजारच्या वहीत मॅनेजरच्या सहीसकट लिहा. चेअरमननी विचारलं की "बंद पडला तर किती वेळ लागेल?", तर त्याच पानावरची वेळ वाचून दाखवा.